ओल्या अंगाचा माठ

त्या मुलखात पाऊस पडत नसे आणि राजा पायी फिरत असे. प्रजेसाठी त्याने म्हणे कधीकाळी हातांवर खिळे झेलले होते; आता तो कुठल्या वेशात येईल याचा नेम नव्हता. भर दुपारी येतो आणि तहानलेला असतो, एवढंच ठाऊक होतं. म्हणून वाटेवर पाणपोया होत्या. त्यातल्या एकीवर सलोमीबाईंनी दोन कोरे माठ मांडले.

थोरल्याने लगेच सांगून टाकलं, राजा येईल तेव्हाच मला भरा. बाईंनी जबरदस्ती केली नाही. धाकट्यालाही एकच ध्यास होता, राजाने आपलं पाणी प्यावं. त्याला त्या रोज पहाटे भरत आणि पाण्याला मातीचा वास येतो म्हणून संध्याकाळी झाडाला ओतत. वर तो अंगभर पाझरायचा. पोटावर शेवाळ, बुडाशी चिखल.

"रोज भरायचं नि रोज ओतायचं! यातून माझं होणार काय?"

"कळ काढ रे बाळा. वास जाईल हळूहळू."

"आणि हे गळणं?"

"गळू दे की."

त्याला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुढे पाण्याचा वास गेला, आणि तेलरंगाचा डबा घेऊन सरडा आला. थोरला खडखडीत कोरडाच होता. सरड्याने त्याला निळा रंग दिला, वर सोनेरी नक्षी काढली. आता भरा मला, असं थोरलाच म्हणाला; बाईंनी भरला, तर थेंबही बाहेर येईना. लोक थांबून बघू लागले. धाकट्याचा तिळपापड झाला. त्यानेही सरड्याला गळ घातली, पण ओल्या अंगावर रंग धरेना, ओघळून खाली आला.

"आधी वाळ, मग बोलाव," सरडा म्हणाला.

"उद्या मला भरू नका," धाकट्याने बाईंना सांगितलं.

"का रे? उद्या कुणाला तहान लागणार नाही?"

पहाटे बाईंनी कळशी त्याच्यात रिकामी केलीच. माठ ढसाढसा रडला. पाझरतोय की रडतोय, कुणाला कळलंही नाही.

ऊन अगदी पेटलेलं असताना एक धुळकट वाटसरू आला. लोकांनी त्याला निळ्या माठाकडे ढकललं. एक घोट घेऊन त्याने भांडं गुपचूप खाली ठेवलं. पाणी कोमट होतं.

"इकडे या दादा, ओंजळ धरा," म्हणत सलोमीबाई धाकट्यातलं पाणी ओतू लागल्या. पाणी गारेगार होतं; पहिल्याच घोटाला त्याने डोळे मिटले. तो पीतच राहिला. बाई ओतत होत्या, तरी ओंजळ काही भरून राहीना, म्हणून त्यांनी वाकून पाहिलं.

दोन्ही तळव्यांच्या मधोमध खिळ्याएवढं जुनं भोक होतं. त्यातून पाणी गळत होतं आणि माठाच्या बुडाशी साचलेल्या चिखलात मिसळत होतं.