चमचाभर विरजण

त्या राज्यात दूध घरोघरी होते, विरजण मात्र एकट्या बोक्याकडे होते. सगळे प्राणी संध्याकाळी दुधाची मडकी बोक्याच्या दारात ठेवत आणि सकाळी दही घेऊन जात. वरची साय बोक्याची. दही देण्याआधी तो मडके चुलीवर चांगले शेकून काढी, त्यामुळे त्यातले चमचाभर घरच्या दुधात घातले तरी दही काही लागत नसे. हे असेच असते, असे सगळे धरून चालले होते.

बोक्याच्या दह्याची खबर राज्याला देण्याचे काम साळुंकीचे. चावडीपुढच्या उंच खांबावर बसून ती सांगे, या महिन्यात झाकण निळे आहे, मडक्याला दुसरा कान बसवला आहे, दही घट्ट पडते आहे. ती खोटे कधी बोलली नाही. चवीची पारख तिच्याइतकी कोणाला नव्हती, आणि आपला शब्द सगळे मानतात याचे तिला मनापासून सुख होते.

एकदा खांबाखाली थांबलेल्या खारीने सहज विचारले, "साळुंकीताई, दही लागतं कसं हो?" दह्यावर बोलण्यात साळुंकीची अकरा वर्षे गेली होती आणि झाकणापलीकडचे तिला काही ठाऊक नव्हते. तिला स्वतःचीच लाज वाटली.

मग ती चौकशीला लागली. ओढ्यापलीकडे एक म्हातारी शेळी राही, तिने करवंटीत स्वतःचे विरजण राखले होते. शेळीने आढेवेढे न घेता चमचाभर दिले, दूध किती कोमट हवे तेही दाखवले. साळुंकीला इतका आनंद झाला की तिने ते फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवून दिले. दहाव्या दिवशी पाहते तो वर बुरशी. रडवेली होऊन ती परत गेली, तेव्हा शेळी पोट धरून हसली.

"जपून ठेवलंस होय? अगं, ते रोज लावलं तरच जगतं. आणि मागेल त्याला चमचाभर द्यायचं, एवढीच अट. आपलं बिघडलं की शेजारी मिळतं."

दुसऱ्या सकाळी साळुंकीने खांबावरून झाकणाचा रंग सांगितला नाही, विरजण कसे लावतात ते सांगितले. बोक्याने तिला बोलावून घेतले. तो रागावला नाही, उलट फार गोड बोलला. दह्याचे गुण खुशाल सांग, खांब जन्मभर तुझाच, पण विरजणाचा विषय काढायचा नाही. साळुंकीला दिवसभर दाणा गोड लागला नाही. खांब गेला तर आपले ऐकणार कोण, याचीच तिला धास्ती होती. तरी विरजणाबद्दल गप्प बसणे तिला पटेना; संध्याकाळी ती आपणहून खाली उतरली. तिच्या जागी कावळा आला, आणि त्याचा आवाज तिच्यापेक्षा मोठा होता.

शेळीने पुन्हा दिलेले विरजण करवंटीत घेऊन साळुंकी दारोदार फिरू लागली. पहिले दही पाणचट झाले, गाढवाने नाक मुरडले. म्हशीने मात्र मडके भुशात पुरून पाहिले तर दही छान घट्ट लागले, आणि तिने ती युक्ती शेजारच्या मेंढीला सांगितली. मेंढीने आणखी कोणाला सांगितली. कुठल्या घरचे दही कुठून आले, हे वर्षभरात कोणाला सांगता येईना. साळुंकीचा घसा बसला होता आणि ती सुखात होती.

पुढच्या उन्हाळ्यात बोक्याचे विरजण एका दुपारीत नासले. त्याच्याकडे ते एकाच मडक्यात होते, कारण दुसऱ्या कोणाच्या हाती त्याने ते कधी दिलेच नव्हते. दोन दिवस चालढकल करून तो झाकणाची वाटी घेऊन साळुंकीच्या दारात आला आणि खाली मान घालून उभा राहिला. साळुंकीने चमचाभर विरजण वाटीत घातले आणि शेळीची अट सांगितली.

"कोणालाही द्यायचं?" बोक्याने विचारले.

"मागेल त्याला."

बोका झाकण घट्ट लावून निघाला. वळणावर त्याला मुंगूस भेटले. ते राज्यात नवे होते, बोका कोण हे त्याला माहीत नव्हते. हातातली रिकामी वाटी पुढे करून त्याने विचारले, "चमचाभर विरजण मिळेल का हो?"

बोक्याने मागे पाहिले, पुढे पाहिले. रस्त्यावर दुसरे कोणी नव्हते. त्याने झाकण काढले.