ऋतुसंधीचा शाप

पूर्वी कृतयुगात, संवत्सराचे राज्य सहा ऋतू आळीपाळीने चालवीत, तेव्हा ग्रीष्माचे जाणे आणि वर्षेचे येणे एकाच क्षणी घडे. सकाळी धरणी निखाऱ्यासारखी धगधगत असे, आणि त्याच दुपारी नद्या गढूळ लोंढ्यांनी दुथडी भरून वाहत.

वेण्णवतीच्या तीरी, कदंबांच्या गर्द छायेत, आयुर्विद्येचे आचार्य महर्षी दार्भ्यायण यांचा आश्रम होता. एकदा राजाच्या यज्ञाहून ते परतले, तेव्हा आश्रमात वेदघोष नव्हता. केवळ कण्हणे ऐकू येत होते. पत्नी मेधावती दारात निश्चल उभी होती.

"शमिका कोठे आहे?" त्यांनी विचारले.

"नाथ, पहिल्या पावसाच्या आनंदात आश्रमातील सारे नदीचे नवे पाणी प्याले, दहीभात आकंठ जेवले. रात्रीच ज्वर आणि अतिसार सुरू झाला. आपली कन्या तिसऱ्या दिवशी गेली. तिच्यासह एकवीस जण गेले."

महर्षींचे नेत्र आरक्त झाले. कमंडलूतील जल ओंजळीत घेऊन ते गर्जले, "ग्रीष्मा! वर्षे! माझ्यासमोर उभे राहा!"

तपोबलाने खेचलेले दोन्ही ऋतू प्रकटले. ग्रीष्म ताम्रवर्ण, वर्षा मेघश्यामल.

"मी तर निघून गेलो होतो," ग्रीष्म म्हणाला. "मारले हिने."

"याने त्यांचा जठराग्नी आधीच मंद करून ठेवला होता!" वर्षा कडाडली. "आणि महर्षी, आपण वैद्य ना? पाणी उकळून प्या, पोट हलके ठेवा, एवढे तरी या लेकरांना कधी सांगितलेत?"

शब्द बाणासारखा रुतला. खरेच, त्यांनी राजांना रसायने दिली होती. घरच्यांना पाण्याविषयी एक अक्षर सांगितले नव्हते. क्रोध शमला नाही. तो आता स्वतःवरही उलटला.

"तर ऐका!" ते ओरडले. "आजपासून तुम्हा दोघांचे राज्य एका क्षणात बदलणार नाही. ग्रीष्मा, जाताना तू सात दिवस रेंगाळशील. वर्षे, येताना तू सात दिवस नमून राहशील. या चौदा दिवसांत जो जुना आहारविहार हळूहळू सोडील, उकळलेले पाणी पिईल, जुने धान्य आणि सुंठ घालून हलके अन्न घेईल, त्याला तुम्ही स्पर्श करायचा नाही. जो हे मोडील, त्याच्यावर ज्वराचा अधिकार राहील. आणि मी, दार्भ्यायण, हे सांगत दारोदार हिंडेन. माझ्या कुळालाही या दिवसांत घरी बसण्याची मुभा नाही!"

ओंजळीतील जल भूमीवर पडले. दोन्ही ऋतूंनी मस्तक लववले.

मेधावतीने विचारले, "शमिका?"

मृतांना परत आणण्याचे सामर्थ्य कोणत्याही ऋतूत नव्हते, त्यांच्या तपातही नव्हते. त्याच संध्याकाळी, डोळ्यांतील अंगार तसाच ठेवून, ते पहिल्या गावाकडे चालू लागले.

तेव्हापासून त्या चौदा दिवसांना ऋतुसंधी म्हणतात. त्या दिवसांत ऊन आणि पाऊस आजही एकमेकांना वाट देत दबकत वागतात, आणि बेसावध माणसाच्या अंगणात ज्वर आपला अधिकार मागायला येतो.