भेरी आणि रोहक

फार पूर्वी अश्मक देशात शंखपूर नावाचे नगर होते. तिथे दृढवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका विद्वान कुळात जन्माला आले. मोठेपणी त्यांनी नगराबाहेर, गोदावरीच्या काठी पाठशाळा उघडली. सगळे त्यांना नुसते आचार्य म्हणत. गावोगावची मुले तिथे राहून शिकत. आचार्यांच्या हाताखाली पालित नावाचे एक उपाध्याय होते. माणूस कष्टाळू, मुलांच्या आजारपणात रात्ररात्र उशाशी बसणारा. पण आवाज मोठा आणि राग नाकावर. शिस्त म्हणजे दरारा, असे त्यांच्या गुरूंनी त्यांना शिकवले होते आणि त्यांनी ते मनापासून मानले होते.

एका उन्हाळ्यात सीमेकडून आलेल्या एका नावाड्याने एक मुलगा पाठशाळेत आणून सोडला. नाव रोहक, वय दहा-अकरा. नावाडी म्हणाला, "याचं कुणी उरलं नाही. गाव जळलं. यापेक्षा जास्त मला ठाऊक नाही आणि हा काही सांगत नाही."

रोहक बुद्धीने चलाख निघाला. एकदा ऐकलेला श्लोक त्याला येत असे. पण मधूनच त्याला काय व्हायचे कोण जाणे. सकाळी पाठ सुरू होण्याच्या वेळी तो थरथरू लागे, हाताला येईल ते फेकी, जवळ येणाऱ्याला चावे. एके दिवशी त्याने फेकलेली लाकडी पाटी पालितांच्या कपाळाला लागली आणि रक्त आले. पालितांनी त्याचे दंड धरले आणि ते ओरडले, "उद्धट कार्ट्या! उभा राहा सरळ! बघ माझ्याकडे!" ते जितके ओरडले तितका रोहक अधिक झटापट करू लागला. शेवटी त्याने त्यांच्या मनगटाचा चावा घेतला.

गलका ऐकून आचार्य आले. त्यांनी रोहकाकडे पाहिले, मग पालितांकडे. म्हणाले, "पालिता, त्याला सोड. तू जरा बाहेर जा आणि तोंड धुऊन ये."

पालितांना ते फार लागले. रक्त आपले सांडले आणि बाहेरही आपणच जायचे! ते बाहेर गेले खरे, पण तोंड धुतले नाही. दाराआडून पाहत राहिले.

आचार्यांनी इतर मुलांना नदीवर पाठवले. मग ते जमिनीवर बसले. मुलाच्या अगदी जवळ नाही, आणि दाराची वाट अडवून तर मुळीच नाही. "मी इथं बसलोय," ते हळू म्हणाले. "तुला कुणी धरणार नाही." यापुढे ते काहीच बोलले नाहीत. रोहक भिंतीला लाथा मारीत होता, हुंदके देत होता. आचार्य संथ श्वास घेत होते, सोडत होते. बऱ्याच वेळाने लाथा थांबल्या. आचार्यांनी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. "दोन्ही हातांनी धर. गार आहे का?"

रोहकाने मान हलवली. तांब्या पोटाशी धरून तो तसाच बसून राहिला.

त्याने जेवून घेतल्यावर आचार्यांनी विचारले, "पाटी कुणाला लागली रे?"

"उपाध्यायांना."

"मग आता?"

रोहक उठला. पाकशाळेतून हळद मागून आणली आणि मान खाली घालून ती पालितांपुढे धरली. पालितांनी हळद घेतली, पण त्यांचे मन काही निवळले नाही. मुलगा गेल्यावर ते आचार्यांना म्हणाले, "क्षमा करा, पण हे लाड झाले. आज पाटी फेकली, उद्या दगड फेकील. मी त्याला जे सांगितलं ते त्यानं कानाआड केलं."

"तू काय सांगत होतास, ते त्यालाच विचारून पाहा," आचार्य म्हणाले.

पालितांनी खरेच विचारले. रोहकाने बराच विचार केला. खोटे बोलणे त्याला जमत नसे. तो म्हणाला, "काय म्हणालात ते नाही आठवत. तुमचं तोंड हलताना दिसत होतं."

पालित उठले आणि मघाशी धुतले नव्हते ते तोंड धुऊन आले.

पाठाची वेळ झाली की अंगणात एक लहान भेरी वाजवण्याची तिथे रीत होती. चार-सहा दिवस आचार्य रोहकाकडे नुसते पाहत राहिले, आणि मग त्यांनी ती भेरी उतरवून ठेवली. त्या दिवसापासून एक विद्यार्थी फिरून सगळ्यांना हाक मारू लागला. रोहकाचा सकाळचा थरकाप कमी झाला, पूर्ण गेला मात्र नाही. एकदा आचार्यांनी त्याला विचारले, "ते सुरू होण्याआधी तुला काही कळतं का?"

"छातीत धडधडतं. मग हात गरम होतात."

"तेव्हा हातांना काय करावंसं वाटतं?"

रोहकाने पाकशाळेच्या ओसरीकडे पाहिले. तिथे पळसाच्या पानांचा ढीग होता. त्याची आई पत्रावळी लावीत असे, हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले. मग असे ठरले की धडधड सुरू झाली की त्याने हात वर करायचा आणि न विचारता उठून ओसरीवर जायचे. तो जाई, पानाला पान काडीने टाचत बसे आणि मन जागेवर आले की परत येई. कधी दोन पत्रावळी होत, कधी वीस. एखादे दिवशी हात वर करायचे राहून जाई आणि पुन्हा आरडाओरडा होई. अशा दिवशी आचार्य पुन्हा जमिनीवर बसत. पालितांना हे सगळे लांबलचक वाटे, पण मुले पाहत होती आणि तेही पाहत होते.

पुढे पाऊस कमी झाला आणि पाठशाळेचे कोठार रिकामे होत आले. मुलांना एक वेळची पेजही मिळेना. तेव्हा राजाचा अमात्य निरोप घेऊन आला, "महाराज स्वतः येणार आहेत. पाठशाळेच्या नावे एक गाव लावून देणार आहेत." पालितांचा जीव भांड्यात पडला. पण जाता जाता अमात्य म्हणाला, "तुमच्याकडे एक वेडसर मुलगा आहे म्हणतात. त्याला आधीच कुठंतरी पाठवून द्या. महाराजांसमोर भलतंसलतं काही झालं तर दान विसरा."

"तो इथला विद्यार्थी आहे," आचार्य म्हणाले. "त्याला पाठवायला दुसरी जागा नाही. उलट माझीच एक विनंती आहे. महाराजांनी भेरी न वाजवता यावं."

अमात्य हसला. "भेरी न वाजवता राजा येत नाही, आचार्य. चोर येतो."

तो गेल्यावर पालित कळवळून म्हणाले, "दोन दिवसांचा तर प्रश्न होता! पलीकडच्या गावात ठेवला असता. बाकीच्या मुलांची पोटं आहेत, आचार्य."

"आहेत. मलाही दिसतात," आचार्य म्हणाले. "पण एकाला बाहेर काढून आणलेला घास बाकीच्यांनी खाल्ला, तर ती इथं काय शिकली?"

त्यांनी रोहकाला जवळ बोलावून काय होणार आहे ते सरळ सांगितले. राजा दक्षिणेच्या वाटेने येईल, भेरी वाजेल, आवाज मोठा असेल. "तेव्हा तू लांब, नदीकाठच्या गोठ्यात बस. मला राजाच्या स्वागताला उभं राहावं लागेल. तुझ्याबरोबर कोण हवं?"

रोहकाने क्षणभर विचार केला आणि पालितांकडे बोट दाखवले.

"मी?" पालित म्हणाले.

त्या दिवशी दोघे गोठ्यापाशी पाने टाचत बसले. पालितांच्या पत्रावळीला भोके पडत होती आणि रोहक ती त्यांना नीट करून देत होता. पण उन्हाने तापलेले हत्ती पाण्याकडे ओढ घेऊ लागले, म्हणून राजाची स्वारी ऐन वेळी नदीच्या वाटेने वळली. गोठ्यामागच्या वळणावर, हाकेच्या अंतरावर, एकदम सगळ्या भेऱ्या धडाडल्या.

रोहक ताडकन उठला. त्याचे डोळे जणू दुसरेच काही पाहत होते. पालितांनी हात पुढे करण्याआधीच त्याने दगड उचलून भिरकावला. तो सर्वांत पुढच्या भेरीवर आदळला आणि कातडे टर्रकन फाटले. दुसरा दगड राजाच्या हत्तीच्या सोंडेजवळून गेला. रक्षकांनी तलवारी उपसल्या. अमात्य ओरडला, "धरा त्याला!"

पालितांच्या तोंडाशी तेच जुने शब्द आले होते. जबडा आवळला गेला होता, मुठी वळल्या होत्या. पण त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला. तोंड हलत होते आणि त्यातून काहीच ऐकू येत नव्हते. त्यांनी मुठी सोडल्या. रक्षकांच्या आणि मुलाच्या मध्ये ते भुईवर मांडी घालून बसले, तलवारींकडे पाठ करून.

"रोहका, मी इथं बसलोय," ते म्हणाले. आवाज कापत होता, पण लहान होता. "तुला कुणी धरणार नाही."

असे वचन देण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे त्यांना ठाऊक होते. पाठीमागे तलवारी होत्या. तरीही ते संथ श्वास घेत राहिले, सोडत राहिले.

तेवढ्यात आचार्य धावत आले. हत्तीपुढे हात जोडून ते म्हणाले, "महाराज, शिक्षा करायची तर मला करा, आणि मागाहून करा. आत्ता फक्त भेरी थांबवा."

राजाने हत्तीवरून पाहिले. एक माणूस तलवारींकडे पाठ करून धुळीत बसला होता आणि त्याच्यासमोर एक पोर थरथरत उभे होते. राजाने हात वर केला. भेऱ्या थांबल्या. नदीचा आवाज ऐकू येऊ लागला. रोहकाच्या हातातला तिसरा दगड खाली पडला. हळूहळू तो पालितांजवळ आला आणि त्यांच्या खांद्याला टेकून बसला. त्याची छाती भात्यासारखी चालली होती. मग तीही संथ झाली.

राजा हत्तीवरून उतरला. "मुला, भेरीवर दगड का मारलास?"

रोहकानेच उत्तर दिले. "ही भेरी आमच्या गावात आली होती. ती वाजली आणि मग घरं पेटली. आई आत होती."

"कोणतं गाव?"

"वेळूग्राम."

अमात्य घाईघाईने म्हणाला, "महाराज, ते बंडखोरांना थारा देणारं—"

"गप्प राहा," राजा म्हणाला. ते गाव जाळण्याची आज्ञा त्याने भर सभेत दिली होती, आणि त्यानंतर त्याला ते नाव पुन्हा कधी आठवले नव्हते. मग तोही खाली बसला, पालित बसले होते तसाच, थोडे अंतर ठेवून. "मी तुझ्यासाठी काय करू?"

रोहक म्हणाला, "आता कुठल्या गावात असं जाऊ नका."

राजाने सर्वांदेखत तसे वचन दिले. दुसऱ्या दिवशी पाठशाळेचे कोठार भरले गेले. वेळूग्रामातून रानोमाळ झालेल्या लोकांना परत बोलावून राजाने घरे बांधून दिली. त्या लोकांत रोहकाची आत्या सापडली. ती त्याला न्यायला आली तेव्हा रोहकाने पालितांकडे पाहिले आणि म्हणाला, "व्याकरण संपू दे. मग येतो."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका विहारात सांगितली. त्या सकाळी विमलमित्र नावाच्या भिक्षूने, घरच्या आठवणीने रडून थैमान घालणाऱ्या एका लहान श्रामणेराला, म्हणजे नवदीक्षित मुलाला, दंडाला धरून ओढले होते आणि सर्वांसमोर झिडकारले होते. कथा ऐकताना विमलमित्राची मान खाली गेली. पालित म्हणजे आपणच, आणि रोहक म्हणजे तो पोरगा, असे त्याने मनाशी धरले.

शास्ते म्हणाले, "त्या वेळचा दृढवर्मा राजा आज राज्य सोडून भिक्षू झालेला सोमदत्त आहे. आचार्य मी होतो. आणि विमलमित्रा, तो रोहक तू होतास. तलवारींकडे पाठ करून तुझ्यासाठी धुळीत बसलेला पालित आज हा श्रामणेर झाला आहे."

विमलमित्र उठला. सभेच्या टोकाला, गुडघ्यांत तोंड खुपसून बसलेल्या त्या मुलापाशी गेला आणि थोडे अंतर ठेवून भुईवर बसला.

त्याच्याकडे पाहून शास्ते इतर भिक्षूंना म्हणाले, "दुसऱ्याचा क्षोभ शमेपर्यंत आपण शांत राहून त्याच्याजवळ थांबणे, याचे नाव क्षांती."