धुतलेले पाय

फार जुन्या काळी, म्हणजे इतक्या जुन्या की त्या टेकडीवर आता देऊळही उरलेले नाही आणि पायथ्याचा झराही आटून गेला आहे, तेव्हाची ही गोष्ट.

त्या टेकडीवर प्रभू येशूचे एक दगडी देऊळ होते. देवळात एक म्हातारा धर्मगुरू राहत असे. त्याने ग्रंथ पुष्कळ वाचले होते, परक्या भाषांतल्या प्रार्थनाही त्याला तोंडपाठ होत्या. पण मन कायम धास्तावलेले. ‘या सेवेला मी लायक आहे का?’ हा प्रश्न त्याला घास घेताना पडे आणि अंथरुणावर पाठ टेकतानाही पडे.

गावात एक रीत होती. प्रभूने क्रुसावर जाण्याच्या आदल्या दिवशी गुडघे टेकून आपल्या शिष्यांचे पाय धुतले. त्याची आठवण म्हणून दर वर्षी पवित्र गुरुवारी धर्मगुरू गावातल्या बारा जणांचे पाय धूत असे. हे बारा जण म्हणजे गावचे मानकरी. धर्मगुरूच्या हाताला घाण लागू नये म्हणून ते घरूनच पाय धुऊन येत. नुसते धुऊन नव्हे, बायका त्यांच्या टाचा वजरीने घासत, वर खोबरेल चोळत. मग वाटेत धूळ लागायला नको म्हणून मानकरी बैलगाडीतून टेकडी चढत.

“सालटी काढली हो बायकोने!” एखादा मानकरी म्हणे.

“काढू दे. वर्षातून एकदा तरी तिला तुझे पाय दिसतात,” दुसरा म्हणे, आणि सगळे हसत.

पाय धुऊन झाले की परातीतले पाणी जसेच्या तसे निवळ राही. धर्मगुरू ते पाहून मनात म्हणे, ‘किती शुद्ध लोक आहेत हे! आणि त्यांचे पाय धुणारा मी? माझे हात तरी स्वच्छ आहेत का?’ मग तो बराच वेळ आपल्याच हातांकडे बघत बसे.

हे पाणी पायथ्याच्या झऱ्यावरून येई. एक बाई ते डोक्यावर हंडा घेऊन आणत असे. तिला कोणी नातलग नव्हते, पायांत वहाणा नव्हत्या. सगळे तिला ‘पाणीवाली’ म्हणत. तिचे काम इतके नेमाने चाले की ते कोणी करते आहे हेच लोक विसरून गेले होते.

एका वर्षी उपासाच्या दिवसांत तिच्या टाचेत बाभळीचा काटा गेला आणि आतच मोडला. टाच सुजली, पिकली. ती लंगडू लागली. धर्मगुरूला ते दिसले नाही असे नाही. दिसले. ‘विचारायला हवे,’ असेही त्याच्या मनात आले. पण गुरुवार तोंडावर आला होता आणि त्याला आपल्या लायकीची चिंता लागली होती. ‘सण होऊन जाऊ दे,’ तो स्वतःशी म्हणाला.

गुरुवारी सकाळी बाई हंडा घेऊन वर आली. तिच्या अंगात ताप होता.

“बाबा, इथं जरा टेकू का?” तिने विचारले.

“टेका, टेका,” धर्मगुरू म्हणाला. त्याची नजर आपल्या तळहातांवरून हलली नाही.

ती टेकते न टेकते तोच गावचा कारभारी आला.

“अगं ए पाणीवाले! पायऱ्यांवर हे डाग कसले पाडलेस?”

“रक्त हाय जी. काटा रुतलाय.”

“रक्त आहे ते मलाही दिसतंय. आत्ता मानकरी येतील, त्यांचे धुतलेले पाय भरतील ना! ऊठ, धुऊन काढ पायऱ्या.”

“हंड्यातलं पाणी तर पाय धुवायला आणलंय.”

“मग दुसरा हंडा आण. झरा काय पळून चाललाय?”

धर्मगुरूने हे सगळे ऐकले. एक शब्द त्याच्या ओठांपर्यंत आलाही होता. पण कारभाऱ्याला दुखवायचा आपल्याला काय अधिकार, आपण तरी कुठे मोठे लागून गेलो, असे वाटून तो पुन्हा आपले तळहात न्याहाळू लागला. बाईने त्या पाण्याने पायऱ्या धुतल्या. पुन्हा टेकडी उतरली, पुन्हा चढली. मग बाराही मानकऱ्यांचे धुतलेले पाय धुण्यात आले. पाणी निवळच राहिले.

शनिवारी देवळातला रांजण कोरडा पडला. धर्मगुरू मनातून जरा वैतागलाच. काठी टेकत तो खाली गेला. झऱ्याजवळच्या झोपडीत पाणीवाली मरून पडली होती. शेजारची म्हातारी तिच्या उशाशी बसली होती.

“अंग धुतलं मी बाबा,” म्हातारी म्हणाली. “पाय तेवढे ऱ्हायले. माझ्याच्यानं बघवंनात.”

धर्मगुरूने परात मागितली आणि तो खाली बसला. टाचेवरची चिंधी सोडताच त्याला मान फिरवावी लागली. पण मग त्याने ते पाय हातात घेतले. भेगाळलेले, चिखल सुकलेले, थंड. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या परातीतले पाणी काळे झाले. पहिल्यांदाच त्याला आपल्या हातांची आठवण राहिली नाही.

“हिचं नाव काय?” त्याने विचारले. “पुरताना नावानं प्रार्थना करावी लागते.”

म्हातारी त्याच्याकडे बघतच राहिली.

“आमाला काय विचारता? तुमीच ठिवलंत की! ती सांगायची, बाबांनी डोक्यावर पाणी घातलं आन् नवं नाव दिलं. लई मिरवायची त्याचं. आमी आपलं पाणीवालीच म्हणायचो.”

धर्मगुरूने खूप आठवून पाहिले. बाप्तिस्म्याची परकी प्रार्थना अक्षरन् अक्षर आठवली. नाव आठवले नाही. थडग्यापाशी तो “प्रभो, ही तुझी…” एवढेच म्हणाला आणि थांबला. माती लोटणाऱ्यांनी थोडी वाट पाहिली, मग लोटली.

पुढच्या वर्षी त्याने मानकऱ्यांना नको म्हटले. ते रागावले आणि त्यांनी देवळाकडे पाठ फिरवली. गुरुवारी धर्मगुरू परात घेऊन एकटाच झऱ्याच्या वाटेवर बसला. गुराखी आले, मोळीवाल्या आल्या. तो हात जोडून म्हणे, “बसा, पाय धुतो.” ते एकमेकांना खुणावून हसत. कोणी म्हणे, “म्हातारं चळलं.” कोणी थांबले नाही.

शेवटी हंडा घेऊन नवी पाणीवाली आली.

“बाई, तुमचं नाव काय?” त्याने विचारले.

तिचा चेहरा एकदम उतरला. “का जी? माझं काय चुकलं?”

“काही नाही चुकलं. पाय बघू.”

तिने घाबरून दोन्ही पाय लुगड्याच्या काठाआड ओढून घेतले, आणि डचमळता हंडा सावरत ती जवळजवळ पळतच टेकडी चढून गेली. धर्मगुरू संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिला. परातीतले पाणी निवळ होते.

ज्याने धुळीने भरलेले पाय पाहिले नाहीत, त्याला प्रभूचे पाय कधीच दिसले नाहीत.