घोणसवाडीच्या डोंगराचा फोटो

तराजू ज्याच्या हातात, त्याच्याच मर्जीनं माल हलका ठरतो. घोणसवाडीच्या चावडीवर त्या दिवशी चंपाबाई जानकरला हे चांगलंच उमगलं.

पठारावरच्या पवनचक्क्यांची वीज खाली न्यायची होती. कंपनीचे दामलेसाहेब नकाशा दाखवत ऐटीत म्हणाले, "मंडळी, निसर्गाची आम्हालाही काळजी आहे. लोक जिथं फोटो काढतात, ती जागा सुंदर धरली. धबधब्याचे हजारो फोटो निघाले, म्हणून तारा तिथून वळवल्या. तुमच्या समोरच्या डोंगराचा एकही सापडला नाही. तेव्हा तारांचे मनोरे त्याच डोंगरावर."

त्या डोंगरावर मेंढरं राखता राखता म्हातारी झालेली चंपाबाई तेवढी उठली.

"सायेब, फोटो काढून झाल्यावर ती मानसं काय करत्यात?"

"काय करणार? आपापल्या घरी जातात."

"आन् तुमी बायकूचा फोटो कवा बघता? घरी का फिरतीवर?"

"फिरतीवर," साहेब हसले.

"मग झालं की! जे सोडून जायचं, त्याचा फोटो काढत्यात. आमी ह्यो डोंगर सोडून कवा गेलोच न्हाय."

चावडीत हशा पिकला. साहेबांचा मात्र चेहरा उतरला. नकाशा गुंडाळत ते हळूच म्हणाले, "मावशी, तुमचं पटलं. पण मंजुरी वरून आलीय. उद्या मजूर मनोऱ्यांचे खड्डे खणायला लागतील."

हशा जागच्या जागी विरला. चंपाबाईनं डोंगराकडे बघितलं. मग म्हणाली, "तुमच्याकडं फोन हाय न्हवं, सायेब? मग आजच ह्या डोंगराचा एक फोटो काढून द्या."