जुन्या सालींचा रांजण

चीन देशातल्या एका डोंगरी गावात एक रांजण होता. गावाभोवती संत्र्यांच्या बागा होत्या आणि हिवाळ्यात न हटणारे धुके होते. त्या धुक्याने माणसांची छाती भरायची. कफ सुटायचा नाही, पोटात अन्न ठरायचे नाही. त्यावर जुन्या जाणत्यांनी एक काढा बसवला होता. त्यात संत्र्याची वाळलेली साल, आल्याबरोबर शिजवून विखार काढलेला एक कंद, चीड वृक्षाच्या मुळांशी वाढणारी बुरशीची पांढरी गाठ आणि ज्येष्ठमध घालत. साल मात्र जुनी हवी. जितकी जुनी तितकी गुणाची, असा गावाचा अनुभव होता.

म्हणून दर हंगामात प्रत्येक घर सालींची एक टोपली वैद्याच्या ओसरीवरच्या रांजणात ओतत असे. पाऊस सरला की बायका सगळा रांजण उपसत, साली चटयांवर उन्हात घालत, किडक्या वेचून फेकत आणि एकमेकींच्या सासवांची निंदा करत तो पुन्हा भरत. ज्याची छाती भरे तो येई आणि मूठभर साल घेऊन जाई. रांजण कधी रिता झाला नाही, कधी नासलाही नाही.

मग गावाची वैद्यकी फान नावाच्या वैद्याच्या हाती आली. एके दिवशी वाटेने जाणारा एक व्यापारी ओसरीवर टेकला. रांजणात नाक घालून तो म्हणाला, "अहो, अशी साल राजधानीतसुद्धा मिळत नाही! आणि तुम्ही ती गुराख्यांना उकळून पाजता?"

व्यापारी गेला, पण त्याचे वाक्य फानच्या डोक्यात घर करून राहिले. त्याने रांजणाचे तोंड लाखेने बंद केले, वर लाल रेशीम बांधले, पुढे उदबत्त्या लावल्या. "बायकांचे हात लागले की सालीचं जुनेपण उडून जातं," असे सांगून त्याने उन्हात घालण्याची रीतही मोडली. हे ऐकून गावाला राग यायला हवा होता. गावाला अभिमान वाटला! लोक येता-जाता रांजणाला हात जोडू लागले, पाहुण्यांना तो दाखवू लागले आणि त्याच्यासमोर उभे राहून खोकू लागले.

मागल्या हिवाळ्यात कुंभाराची लहान मुलगी खोकता खोकता गेली. फानने त्या दिवशी रांजणापुढे दोन उदबत्त्या जास्त लावल्या. गावाने त्यांनाही हात जोडले.

लानयिंग त्या गावची सून. ती चटया विणायची. साली वाळत घालायच्या चटया तिच्याच हातच्या. आता त्या घरात गुंडाळून पडल्या होत्या. या हिवाळ्यात तिच्या सासऱ्याची, म्हाताऱ्या गाओची छाती भरली. घोटभर पेजही पोटात टिकेना. लानयिंग वैद्याकडे गेली.

"वैद्यबुवा, मूठभर जुनी साल द्या."

"अगं, ती काय उकळून प्यायची वस्तू आहे? ठेवा आहे तो गावाचा!"

"गाव खोकतंय, वैद्यबुवा."

गावचा मुखिया तिथेच चहा पीत बसला होता. तो हसून म्हणाला, "सूनबाई, तुझ्या सासऱ्याचं वय झालं. सालीचं अजून व्हायचंय. जरा दम धर."

फानने तिला एक पुडी दिली. "ही घे. हीसुद्धा जुनीच आहे."

लानयिंगने घरी काढा उकळला. पाणी काळे झाले, पण घरात वास दरवळेना. तिने साल चोळून पाहिली. बोटांना काजळी लागली. ताजी साल चुलीच्या धुरावर टांगून काळी केली होती! तिच्या अंगाची लाही लाही झाली. भिंतीला टेकून बसलेला गाओ धापा टाकत म्हणाला, "पोरी, त्या रांजणात माझ्या बापानं टाकलेली साल आहे. मी टाकलेली आहे. आणि मला धूर पाजतो तो?"

तेवढ्यात दवंडी ऐकू आली. नव्या वर्षाच्या दिवशी सुभेदारसाहेब येणार होते आणि गावातर्फे त्यांना तो रांजण नजर केला जाणार होता. बदल्यात फानला सुभेदारांच्या वाड्यावर वैद्य म्हणून मान मिळणार होता. म्हणजे ठेवाही गावाचा नव्हता!

नव्या वर्षाच्या दिवशी कधी नव्हे ते धुके हटले आणि लख्ख ऊन पडले. पालखी आली, ढोल वाजले, सारे गाव ओसरीसमोर वाकले. एकटी लानयिंग ताठ चालत पुढे आली. तिने काखेतल्या चटया खाली टाकल्या, एक अंगणात पसरली आणि मोठ्याने म्हणाली, "बायांनो, साली उन्हाला घालायच्या राहिल्यात!"

"धरा तिला!" मुखिया ओरडला.

कोणी धरायच्या आत कुंभारीण उठली. मुलगी गेल्यापासून ती कोणाशी बोलली नव्हती. तिने दुसरी चटई उचलली आणि पहिलीशेजारी पसरली. मग आणखी एक बाई उठली. मग सगळ्याच उठल्या.

लानयिंगने लाख फोडली. आतून कुबट वास आला. वरच्या साली ओल धरून बुरसल्या होत्या, खालच्या किड्यांनी पोखरून त्यांचा भुसा केला होता. सुभेदारांनी नाकाला रुमाल लावला आणि पालखी वळवायला सांगितली.

"हिनं नासवलं!" फान किंचाळला. "हिचा हात लागला आणि नासलं!"

"हात लागले म्हणून नाही, वैद्यबुवा," लानयिंग म्हणाली. "हात लागले नाहीत म्हणून नासलं. दरवर्षी उन्हात घालणारे हात तुम्ही तोडलेत. आणि आम्ही सगळे उदबत्तीचा वास घेत बसलो."

बायकांनी तो सारा भुसा चाळला, पाखडला, वेचला. दुपार कलली तेव्हा चटईवर जेमतेम मूठभर धड साली उरल्या होत्या. तपकिरी, ठिसूळ, अजून सुवासिक. कुंभारणीने त्या ओंजळीत घेतल्या आणि फानकडे वळून विचारले, "माझ्या पोरीला एवढ्याच लागल्या असत्या ना?"

फानने मान खाली घातली. मुखियानेही घातली. चटईभोवती जमलेल्या गावातले कोणीच मान वर करू शकले नाही.

कुंभारणीने ती ओंजळ लानयिंगच्या पदरात रिकामी केली. त्या दिवशी गाओच्या घरात काढ्याचा वास दरवळला. थंडी सरता सरता त्याचा कफ सुटला, पोटात पेज ठरू लागली. पुढच्या हंगामात तो काठी टेकत आला आणि घासून वाळवलेल्या त्याच रांजणात त्याने सालींची पहिली टोपली ओतली. रांजण आता गावच्या चौकात उभा होता. त्यावर विणलेले झाकण होते. लाख नव्हती, रेशीम नव्हते. पाऊस सरला की साली वेचायला बायकांसोबत फानलाही उन्हात बसावे लागे. कुंभारीण त्याच्या समोरच बसे.

तात्पर्य: सगळ्यांच्या हातांनी साठलेले धन सगळ्यांच्या हाती राहिले तरच टिकते. गरजवंताला नाकारलेल्या औषधाची पूजा करणे ही चोरीच आहे, आणि ती पूजा गप्प राहून पाहणारे त्या चोरीचे भागीदार आहेत.