जेवत्या माणसाला उठवू नये

उद्या घरच्या कार्याच्या पंगतीत बाळ रडलं तर काय करायचं, या काळजीनं मृण्मयीला झोप नव्हती. एम.ए. झालेली, पण सासरी तोंड उघडायची चोरी.

दुसऱ्या दिवशी पंगतीत फोन आला म्हणून एक पाहुणे उठू लागले, तर चुलतसासरे आबासाहेबांनी त्यांना हात धरून बसवलं. "जेवत्या माणसाला पानावरून उठवणं आमच्या घराण्यात पाप!"

तेवढ्यात बाळ रडलं. मृण्मयीनं त्याला पदराआड पाजायला घेतलं.

"सूनबाई, चारचौघांत हे काय? उठा, आत जा!" आबासाहेब गरजले.

ती जागची हलली नाही.

"मी उठले असते, आबा. पण हाही तुमच्याच घराण्यातला. त्याचं जेवण अर्धवट आहे, त्याला पानावरून कसं उठवू?"

पंगत हसली. आबासाहेब जिलबीचा आग्रह करत पुढे सरकले.

मृण्मयीची चार वर्षांची ओवी मागून ओरडली, "आजोबा, बाळाला जिलबी वाढू नका हं, त्याला दात नाहीत!"